आधी तेल, मग पाना

अगं, काल रात्री साडेदहाला तुझा फोन आला तेव्हा आवाजावरूनच ओळखलं मी, की हातात पाना आहे आणि डोळ्यांत पाणी. "ताई, सायलेन्सरचा बोल्ट हलतच नाहीये, आणि आता नटही गोल झालाय." एवढं बोललीस आणि गप्प झालीस. मागून काकू म्हणत होत्या, "राहू दे गं, भंगारवाल्याला देऊन टाकू." मी फोनवर जास्त बोलले नाही. दमलेल्या माणसाला पान्याचं शहाणपण रात्री शिकवू नये. म्हणून आज सकाळचा चहा झाल्या झाल्या हे लिहायला बसले आहे. सावकाश वाच. वाचून होईपर्यंत स्कूटरला हात लावू नकोस.

पहिलं म्हणजे, तू काहीही बिघडवलेलं नाहीस. काकांची चेतक रत्नागिरीतल्या पडवीत अकरा वर्षं उभी होती. समोरून खारा वारा, वरून चार महिने पावसाची झड. अशा गाडीचे बोल्ट जाम झाले नसते तरच मला नवल वाटलं असतं. बघ, लोखंड गंजतं तेव्हा ते नुसतं खराब होत नाही, फुगतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. बोल्टाच्या आणि नटाच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते, ती गंजाने ठासून भरते. वरून आपण जोर लावतो, पण आत नट आणि बोल्ट एकमेकांत शिंपल्यासारखे घट्ट मिटलेले असतात.

आणि चेतकच्या इंजिनात याहून चिवट एक प्रकार आहे. इंजिनाची खालची केस अॅल्युमिनियमची, वरचा हेड अॅल्युमिनियमचा, मधला सिलेंडर बिडाचा आणि हे सगळं बांधून ठेवणारे स्टड पोलादाचे. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये खारं दमट पाणी, म्हणजे चिमुकली बॅटरीच झाली की. त्यात अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत बसते. तुला कुठे तांबडं दिसेल, कुठे पांढरं. तांबडं दिसलं तर तेलाने बरंच काम होतं. पांढरं दिसलं तर तेलाबरोबर ऊबही द्यावी लागते. हे एवढं लक्षात ठेव, पुढे उपयोगी पडेल.

आता खरं सांगू का, मी तुला सबुरीचं सांगतेय ते माझं एक मोठं नुकसान झालं म्हणून. सव्वीस वर्षांची होते. आमची चेतक १९८४ ची, कोल्हापूरला वाड्याच्या बोळात उघडून बसले होते. हेडचे चार नट. तीन सुटले, चौथा सुटेना. मी पान्याच्या टोकाला पाण्याच्या नळाचा हातभर पाइप लावला आणि अंग टाकलं. नट हलला, मला आनंद झाला. मग तो फार सहज फिरायला लागला, अगदी साखरेचा पाक ओढल्यासारखा मऊ. आणि 'कट्' असा बारीक आवाज आला. स्टड केसच्या तोंडाशी तुटला होता. त्या दिवशी मी पायरीवर बसून राहिले, जेवले नाही. पुढे इंजिन उतरवून शिवाजी उद्यमनगरात न्यावं लागलं, तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरांनी ते कसं काढलं ते सांगते नंतर. पण त्या 'मऊ' लागण्याची जाणीव माझ्या मनगटात कायमची बसली. ती मला तुला आधीच द्यायची आहे, स्टड न तोडता.

तर ऐक. बोल्ट सुटायला लागतो तेव्हा आधी हट्टीपणा करतो आणि मग एकदम 'टक्' किंवा 'कर्र' असा आवाज करून हलतो. तो आवाज कोरडा असतो. त्याचं स्वागत कर. पण आवाज न होता बोल्ट रबरासारखा, लवचिक, हळूहळू फिरतोय असं वाटलं, तर तो सुटत नाहीये, पिळला जातोय. तिथल्या तिथे थांब. तेवढा एक क्षण जो ओळखतो, त्याचे निम्मे बोल्ट वाचतात.

जोराचा हिशोब एकदा समजून घे, म्हणजे भीती जाईल. घरात आपण कणकेच्या डब्याचं झाकण उघडतो तेव्हा अंदाजाने जोर लावतो, पण पाना हा अंदाज फसवतो. सहा मिलिमीटरचा चांगला बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटरला आवळतात. म्हणजे वीतभर, २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला पाच किलो पिठाची पिशवी टांगली तर जेवढा भार पडेल, तेवढाच. आता त्याच पान्याला तू मीटरभर पाइप लावलास, तर टोकाशी एक किलोच पुरतो. एक किलो म्हणजे नुसता हात टेकवला तरी झालं! म्हणून बारीक बोल्टाला पाइप कधीच लावायचा नाही. पाइप लागतो तो चाकाच्या नटासारख्या जाड गोष्टींना.

कामाला बसण्यापूर्वी स्वतःची तयारी. बांगड्या, अंगठी काढून ठेव, मंगळसूत्र असेल तर आत टाक, ओढणी नको, केस घट्ट बांध. चष्मा नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून साधा संरक्षक चष्मा आण. गंजाचा कण डोळ्यात गेला की तो डॉक्टरकडेच निघतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंस ते काकूंना विचार. हे सगळं म्हातारीसारखं वाटेल तुला, पण मी इथे ऐकून घेणार नाही.

मग मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढ. आणि स्वयंपाकघरातला जुना मसाल्याचा डबा माग. प्रत्येक वाटीत एका जागेचे नट-वॉशर. सायलेन्सरचे एकीकडे, कार्बुरेटरचे एकीकडे, हेडचे एकीकडे. कागदाच्या चिठ्ठ्या टाक. तू म्हणशील लक्षात राहील, पण नाही राहत गं. मला पहिल्यांदा अडीच महिने लागले होते गाडी जोडायला, आणि त्यातले कितीतरी दिवस कुठला वॉशर कुठला हे शोधण्यात गेले.

आता तेल. सुटणार नाही अशी शंका असलेल्या प्रत्येक बोल्टाला आधी तारेच्या ब्रशने घास. आट्यांचं जेवढं टोक बाहेर दिसतंय तेवढं चकचकीत झालं पाहिजे, कारण नटाला त्याच वाटेवरून बाहेर यायचं आहे. वाटेत गंजाचे खडे असतील तर सुटलेला नटही परत अडकेल. मग तेल सोड. तू विचारलं होतंस की निळा-पिवळा डबा चालेल का. डब्ल्यूडी-४० चालतो, हरकत नाही. पण त्याचं नावच 'पाणी हटवणारं, चाळिसावा प्रयत्न' असं आहे. १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला ते निघालं ते अॅटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून. मूळ काम दमटपणा घालवण्याचं. जाम बोल्टासाठी खास मुरणारं तेल मिळतं, 'पेनिट्रेटिंग ऑइल' म्हणून माग, ते आट्यांत जास्त खोल जातं. आमच्याकडचे जुने मेकॅनिक रॉकेल वापरायचे, डिझेलही वापरायचे, आणि वेळ दिला तर त्यानेही काम होतं. काहीजण गाडीच्या ऑटोमॅटिक गिअरचं पातळ लाल तेल आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळतात. ते फार चांगलं मुरतं, पण अॅसिटोन भसकन पेटतं आणि रंग खातं. काकांच्या स्कूटरचा तो मूळ रंग तुला ठेवायचा आहे ना? मग त्याच्या वाटेला जाऊ नकोस.

तेल कुठलं यापेक्षा किती वेळ, हे महत्त्वाचं. तू काल फवारा मारून पाच मिनिटांत पाना लावलास ना? बघ, कडधान्य भिजत घालतो तेव्हा आपण पाच मिनिटांत झाकण काढून बघतो का? रात्री घालायचं, सकाळी परत घालायचं, संध्याकाळी परत. चार-पाच दिवस. प्रत्येक वेळी तेल घातल्यावर बोल्टाच्या डोक्यावर छोट्या हातोडीने टिचक्या मार, जोरात नको, देवघरातली घंटा वाजवतो तितक्या. त्या कंपाने गंजाला बारीक तडे जातात आणि तेल त्यातून उतरतं. मी तर संध्याकाळी दिवा लावला की जाऊन तेल घालून यायचे, म्हणजे विसरायला होत नसे.

पाच दिवसांनी पाना हातात घेशील तेव्हा तो कुठला असावा, यावर माझा फार आग्रह आहे. तू काल फिक्स पाना लावला होतास, दोन जबड्यांचा. तो नटाला फक्त दोन बाजूंनी धरतो. गंजलेला नट आधीच थोडा बारीक झालेला, त्यात जबडा उघडा, मग कोपरे जाणारच. रिंग पाना त्याहून बरा. सगळ्यांत बरी सहा कोनांची गोटी, म्हणजे सॉकेट, बारा कोनांची नव्हे. बारा कोनांची गोटी लावायला सोपी असते पण ती कोपऱ्यावर जोर देते, सहा कोनांची नटाच्या सपाट बाजूंना धरते. गोटी हातोडीने हलकेच ठोकून पूर्ण खाली बसव. हलतेय असं वाटलं तर एक माप लहान बसतेय का बघ. घाई करून ढिला पाना कधीही लावू नकोस.

आणि सोडवायच्या आधी आवळ. हो, आवळ. अगदी केसभर. गंजाची पकड कुठल्याही बाजूने तुटली तरी तुटते, आणि आवळण्याच्या दिशेने तो किंचित हलला की तुझं निम्मं काम झालं. मग सोडवण्याच्या दिशेला पाव फेरा, परत थोडं मागे, थोडं तेल, परत पाव फेरा. एकदम फिरवत सुटलीस तर गंजाचा चुरा आट्यांत साचून तो अर्ध्यावर पुन्हा जाम होईल, आणि ते जाम होणं पहिल्यापेक्षा वाईट. आणि हो, दिशा तपासून घे. बहुतेक आटे घड्याळाच्या उलट दिशेने सुटतात, पण उलट्या आट्यांच्या जागा असतात. तुझ्या सायकलचं डावं पेडल तसंच आहे, विश्वास नसेल तर जाऊन बघ. शंका आली तर तारेच्या ब्रशने टोकाजवळचे आटे साफ करून ते कुठल्या बाजूला चढतायत ते डोळ्यांनी बघ.

खाचेचे स्क्रू असतील, पंख्याच्या कव्हरला वगैरे, तिथे पेचकसाचं पातं खाचेत पूर्ण रुंदीने बसलं पाहिजे. आधी खाचेतली माती टाचणीने उकरून काढ. तरी नाही हलला तर हाताने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर येतो, मागून हातोडा मारला की पुढे दाबतो आणि त्याच क्षणी फिरवतो. माझ्याकडे आहे. विकत घेऊ नकोस, मी आणते.

एवढं करूनही बोल्ट ढिम्म राहिला, तर ऊब. तुझ्या घरी दोन स्टीलचे पेले एकात एक अडकतात ना, तेव्हा काकू काय करतात? आतल्यात थंड पाणी, बाहेरच्याला कोमट पाण्यात. बाहेरचा फुगतो, आतला आखडतो, अलगद सुटतात. इंजिनात तर निसर्ग आणखी आपल्या बाजूचा आहे. मीटरभर पोलाद १०० अंशांनी तापवलं तर साधारण १.२ मिलिमीटर लांबतं, आणि तेवढंच अॅल्युमिनियम २.३ मिलिमीटर, जवळजवळ दुप्पट. म्हणजे पोलादी बोल्टाभोवतीची अॅल्युमिनियमची केस तापवली, की भोकच मोठं होतं आणि बोल्ट मागे राहतो. म्हणून बोल्टाला नव्हे, त्याच्या भोवतीच्या केसला ऊब द्यायची. साधं हेअर ड्रायर पुरत नाही. हीट गन चांगली, आणि तीही नसेल तर किटलीभर उकळतं पाणी सावकाश ओतत राहा. हसू नकोस, मी दोन स्टड त्याने सोडवलेत.

पण इथे मी कडक होणार आहे, आणि तू मान डोलावून पुढे जायचं नाहीस. चेतकची पेट्रोलची टाकी सीटखाली, इंजिनाच्या डोक्यावरच आहे. हीट गन काढायच्या आधी टाकी उतरव, कार्बुरेटर उतरव, दोन्ही अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेव. टाकी रिकामी केली म्हणून निर्धास्त होऊ नकोस, पेट्रोलपेक्षा त्याची वाफ जास्त घातकी. तेल फवारलेल्या जागी लगेच उष्णता नको, पुसून घे, वाळू दे. ब्रेक साफ करायचा फवारा मारला असेल तर त्या जागेवर ज्योत अजिबात नको, त्यातल्या काही फवाऱ्यांचा ज्योतीशी संबंध आला की विषारी वायू होतो. बाजूला वाळूची बादली ठेव. आणि गॅसची ज्योत तर मी तुला या वेळी वापरूच देणार नाही. कारण सांगते. लोखंड तापलं की लाल होऊन आपल्याला इशारा देतं. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याआधी ते लाल होऊन दाखवत नाही. आत्ता होतं तसं दिसतं आणि पुढच्या क्षणी ओघळतं. शिवाय क्रँकच्या तेलाच्या सीली रबराच्या असतात, त्या त्याच्या कितीतरी आधी गेलेल्या असतात. ज्योत हे हात बसलेल्या माणसाचं काम.

ऊब दिल्यावर एक जुनी युक्ती कर. पांढऱ्या मेणबत्तीचं टोक गरम बोल्टाच्या बुडाशी टेकव. मेण वितळून आट्यांत ओढलं जातं, आणि तेलापेक्षा चांगलं वंगण होतं. थोडं निवू दे, मग पाना लाव. पहिल्यांदा बघताना मला ती जादूच वाटली होती.

आता तुझ्या गोल झालेल्या नटाकडे येऊ. तू रात्रभर त्याच्यासाठी झुरली असशील, आणि खरं सांगू का, तो सगळ्यांत बिनमहत्त्वाचा नट आहे! जाम बोल्ट दिसला की मी आधी स्वतःला एकच विचारते: हा जातो कुठे? आरपार जाऊन पलीकडे नटात अडकतो, की इंजिनाच्या केसमध्ये आटे पाडलेल्या भोकात जातो? सायलेन्सर वर सिलेंडरच्या तोंडाला क्लॅम्पने धरलेला असतो. क्लॅम्पचा बोल्ट आरपार आहे, पलीकडे नट आहे. तो तुटला तर तुटू दे. लोखंड कापायची करवत घे आणि काप सरळ. नवा बोल्ट काही रुपयांत मिळतो, क्लॅम्पही मिळतो. मी तर म्हणते अशा बोल्टावर वेळच घालवू नकोस. खालचा, मागच्या चाकाजवळचा सायलेन्सरचा मोठा बोल्ट मात्र जपायचा. मागचं चाक काढलंस तर तिथे हात नीट पोचेल, वाकड्या हाताने पाना लावल्यानेच कोपरे जातात.

आणि हेडचे स्टड, केसमध्ये जाणारे, ते तर डोळ्यांत तेल घालून. हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असताना, एकदम एक नाही, समोरासमोरचे आलटून पालटून, थोडे थोडे सैल कर, नाहीतर हेड वाकतो. कधी नट सुटण्याऐवजी आख्खा स्टडच फिरून वर येतो. घाबरू नकोस, आटे साबूत असतील तर उलट बरं झालं. नुसता स्टड काढायचा असेल तर त्याच्यावर दोन नट चढव, एकमेकांवर गच्च आवळ, आणि खालचा नट सोडवण्याच्या दिशेला फिरव. स्टडला ग्रिप पक्कड लावून त्याचे आटे चावून टाकू नकोस.

गोल झालेला नट कापण्यासारखा नसेल, तर कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट करून एक माप लहान पाना घट्ट ठोकून बसवता येतो. किंवा ग्रिप पक्कड पूर्ण ताकदीने आवळून. छिन्नी हा शेवटचा उपाय. एका गॅरेजने माझ्या हेडच्या नटावर सरळ छिन्नी चालवली होती, नट निघाला, पण हेडच्या पंखांचे दोन तुकडेही त्याच्याबरोबर निघाले. ते पंख हवेने थंड होण्यासाठी असतात, शोभेसाठी नाहीत. आजही ती जागा दिसली की माझ्या पोटात तुटतं.

प्लग विसरत होते. अकरा वर्षांचा प्लग अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये आहे, तिथले आटे नाजूक. आधी भोवतीची धूळ पंपाने फुंकून काढ, नाहीतर खडा सिलेंडरमध्ये पडेल. बुडाशी तेल, एक दिवस थांब, मग प्लग पान्याने, सरळ धरून, पाव पाव फेरा. आटे प्लगबरोबर निघून आलेच तर रडायचं नाही, लेथवाला भोक मोठं करून तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे बसवून देतो, हेलिकॉइल म्हणतात, आणि ते बरेचदा मूळ आट्यांपेक्षा टिकतात.

आता तुटलेल्या स्टडचं. देव करो आणि तुझ्यावर वेळ न येवो, पण आली तर पहिल्या दिवशी काहीच करायचं नाही. विशेषतः 'ईझी आउट' नावाचा उलट्या आट्यांचा जो तुकडा दुकानदार हातात देईल, तो घेऊ नकोस. तो अतिशय कडक पोलादाचा असतो. तो आत तुटला तर त्याला साधं ड्रिल लागत नाही, आणि मग साध्या दुखण्याचं ऑपरेशन होतं. माझ्या स्टडचं काय झालं ऐक. त्या कारागिरांनी तुटलेल्या तोंडावर एक मोठा नट ठेवला, नटाच्या भोकातून वेल्डिंगचा टाका मारला, नट आणि तुकडा एकजीव केला. मग लाल झालेलं ते निवू दिलं. पाना लावला आणि दोन बोटांनी, खरंच दोन बोटांनी, तुकडा फिरवत बाहेर काढला. वेल्डिंगच्या उष्णतेने आतली पकडच सुटली होती. मी तोंडाकडे बघत राहिले. ते एवढंच म्हणाले, "पोरी, पाइप घरात पाण्यासाठी असतो." तुझ्याकडेही रत्नागिरीत असा वेल्डर नक्की असेल, आधीच चौकशी करून ठेव, म्हणजे मनाला धीर राहतो.

जोडताना एकही गोल झालेला नट परत वापरायचा नाही. पुण्यात आलीस की नाना पेठेत जाऊ आपण, तिथे जुन्या स्कूटरचं सामान अजून मिळतं. मागताना 'जुनी टू-स्ट्रोक चेतक' असं सांग. १९७२ ला निघालेल्या चेतकचे पुढे फोर-स्ट्रोक आले, आणि २०२० पासून विजेवरचीही त्याच नावाची आहे, त्यामुळे नुसतं 'चेतक' म्हटलं तर घोळ होतो. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ कोरलेलं आहे का बघून घे. कुणी म्हणेल स्टेनलेसचे घाल, गंजत नाहीत. स्टेनलेस स्वतः गंजत नाही, पण अॅल्युमिनियममध्ये बसला की शेजाऱ्याला झिजवतो, आणि तुमच्याकडे तर समुद्र दारात. घालायचेच असतील तर ग्रीस लावल्याशिवाय नाही. खरं तर कुठलाच बोल्ट कोरडा बसवू नकोस. आट्यांना बोटाने पातळ ग्रीस लाव आणि मग नेहमीपेक्षा किंचित कमी आवळ, कारण निसरड्या आट्यांवर तोच जोर जास्त आवळतो. प्लग हाताने पूर्ण बसेपर्यंत पाना लावायचाच नाही.

आणि आळीतल्या लोकांचं. "मुलीच्या जातीला हे जमणार का", "गॅरेजला दे, दोन तासांत होईल". मला माहीत आहे ते किती टोचतं, विशेषतः हातातला बोल्ट खरंच अडलेला असताना. गॅरेजमध्ये दोन तासांत होईलही. पण तुला काकांच्या हाताने आवळलेला प्रत्येक नट स्वतः सोडवायचा आहे, हे मला कळतं, ते कुणाला समजावत बसू नकोस. तू बारावीत असताना काकांबरोबर पंक्चर काढायचीस, प्लग घासायचीस, ते हात आहेत तुझे. अडलं तर मला फोन कर, रात्री अकरालाही कर, पण पाइप लावायच्या आधी कर.

मी पुढच्या रविवारी येते, इम्पॅक्ट ड्रायव्हर, हीट गन आणि सहा कोनांच्या गोट्यांचा डबा घेऊन. काकूंना सांग, डाळीची आमटी आणि भात एवढंच करा, काही विशेष नको. तोवर तुझं काम एकच. आज संध्याकाळी दिवा लावलास की खाली जा, तारेचा ब्रश फिरव, प्रत्येक बोल्टाला तेल सोड, टिचक्या मार आणि वर ये. पाना आजपासून रविवारपर्यंत काकूंच्या कपाटात.